हिंदूरावची टेकडी, घाटातला भराव आणि पाण्याची वाट

दिल्लीत रिक्षावाल्याला "हिंदूराव" म्हटलं की तो मागे वळून तुमच्याकडे नीट बघतो आणि विचारतो, "इमर्जन्सी या ओपीडी?" हिंदूराव म्हणजे त्याच्यासाठी महापालिकेचं मोठं हॉस्पिटल. हे नाव मराठी आहे, आणि ते कोल्हापूरजवळच्या कागलहून इथवर आलंय, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. खरं सांगायचं तर दिल्लीला पोस्टिंग येईपर्यंत मलाही ते फारसं ठाऊक नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी मी त्या टेकडीवर गेलो. पहाटेपासून पाऊस होता. खाली सब्जी मंडीकडे रस्त्यावर गुडघाभर पाणी, वर टेकडीवर मात्र पायाखाली नुसता ओला दगड. दहा मिनिटं पाऊस थांबला की वाट कोरडी. इंजिनिअर अफसराची खोड अशी की इतिहास बघायला गेलं तरी नजर आधी पाणी कुठे जातंय तिकडे जाते. त्या दिवशीही तसंच झालं, आणि तिथून विचार पोहोचला तो थेट खंडाळ्याच्या घाटात, माझ्या वडिलांच्या हातबत्तीपाशी. आजचा लेख त्याबद्दल.

टेकडीवरचा मराठा

हिंदूराव हा किताब. माणसाचं नाव जयसिंगराव घाटगे. कागलच्या घाटगे घराण्यातला, सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, आणि ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई यांचा भाऊ. ग्वाल्हेरच्या राजकारणातून बाहेर पडल्यावर तो दिल्लीत स्थायिक झाला. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने टेकडीवर एक मोठा बंगला बांधला होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे तो बंगला हिंदूरावाने घेतला. १८५७ च्या आधीच हिंदूराव वारला, पण नाव राहिलं. आधी बंगल्याला, मग हॉस्पिटलला.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडेल. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेला निघाले ते बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार असं ऐकून. त्या प्रवासातून 'माझा प्रवास' झालं. म्हणजे बहिणीच्या यज्ञासाठी निघालेला भटजी बंडाच्या धुमाळीत सापडला, आणि त्याच वर्षी दिवंगत भावाचा रिकामा बंगला दिल्लीच्या लढाईतलं सर्वांत रक्तरंजित ठाणं झाला.

८ जून १८५७ ला बादली की सराईची लढाई जिंकून इंग्रजांनी ही टेकडी घेतली. १४ सप्टेंबरच्या हल्ल्यापर्यंत, म्हणजे पुरा पावसाळा, ते इथेच चिकटून होते. हिंदूरावचं घर म्हणजे त्यांची उजवी बाजू. ते मेजर रीडच्या सिरमूर बटालियनच्या गुरख्यांनी धरलं. त्या बटालियनच्या ४९० जणांपैकी ३२७ जण मारले गेले किंवा जखमी झाले. समोरून हल्ले करणारेही आपलेच शिपाई. या टेकडीवर उभं राहिलं की कुणाच्या बाजूने अभिमान बाळगायचा हा प्रश्न मला सुटत नाही. दोन्हीकडच्या सैनिकाला मनातल्या मनात सलाम करतो आणि पुढे जातो.

पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच छळत होती, ती म्हणजे पाऊस. टेकडी खडकाची, अरवलीची शेपटी. पाणी तिच्यावर ठरत नाही. तिच्या पाठीमागे नजफगडचा नाला आणि दलदल. २५ ऑगस्टला निकल्सन दोनेक हजार माणसं घेऊन नजफगडला निघाला तेव्हा मुसळधार पाऊस होता. तोफांची चाकं चिखलात रुतत होती आणि शत्रूपेक्षा जास्त वेळ त्या चिखलाने खाल्ला. उलट, वेढ्याच्या अवजड तोफा हत्तींनी ओढत ४ सप्टेंबरला छावणीत पोहोचल्या त्या पंजाबकडून येणाऱ्या पक्क्या सडकेने. उंचावलेली, खडी घातलेली, पाण्याला दोन्ही अंगाला उतार दिलेली सडक होती म्हणून त्या वेळेत पोहोचल्या. जुलैपासून तिथला मुख्य इंजिनिअर होता बेअर्ड स्मिथ. तो मूळचा कालव्यांच्या खात्यातला, रुडकीहून आलेला. पाणी ओळखणारा माणूस तोफखान्याइतकाच लागतो, हे तेव्हाही खरं होतं.

दिल्लीत तेव्हा रेल्वे नव्हती. ती आली बंडानंतर, १८६६-६७ च्या सुमारास, यमुनेवरच्या लोखंडी पुलावरून, सलीमगडाच्या पोटातून थेट शहरात. तो 'लोहे का पुल' आजही उभा आहे आणि यमुनेची पातळी आजही त्याच्यापाशीच मोजतात. धोक्याची खूण २०५.३३ मीटर. १९७८ च्या पुरात पाणी २०७.४९ वर गेलं होतं. १३ जुलै २०२३ ला ते २०८.६६ मीटरवर पोहोचलं आणि पुलावरच्या गाड्या थांबवाव्या लागल्या.

त्याच वर्षी, सह्याद्रीत

दिल्लीला वेढा पडला होता तेव्हा आपल्याकडे बोरघाटात सुरुंग फुटत होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचं घाटातलं काम १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. साधारण पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा उभा चढ. कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसं होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट सोडलं नाही, पूर्ण करून घेतलं. १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. तोवर प्रवासी खोपोलीला उतरून पालखीतून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत.

पावसाळ्यात हे काम जवळजवळ बंद पडे. पटकी आली की मजूर पळून जात किंवा तिथेच मरत. किती मेले याचा धड हिशेब नाही. आज इंटरसिटीतून जाताना डावी-उजवीकडे जे उभे कडे आणि उंच भराव दिसतात, ते या माणसांच्या टोपल्यांनी झालेले आहेत.

घाट खुला होऊन चारच वर्षं झाली होती. १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, घाटातला माऊ की मळीचा मोठा कमानी पूल कोसळला. पुढे आढळलं ते असं की बाहेरून घडीव दगड होता, पण आतलं भरीव काम आणि चुना निकृष्ट होता. बाहेरून भिंत शाबूत दिसत असताना आत पाणी मुरत होतं. यानंतर कंपनीला मार्गावरच्या कित्येक पुलांचं काम पुन्हा तपासावं लागलं.

पाऊस भरावाचं काय करतो

माझे वडील याच घाटात रेल्वेत होते. गँगमन म्हणून लागले, मुकादम म्हणून निवृत्त झाले. लहानपणी त्यांनी मला जे सांगितलं ते पुढे दापोडीच्या सीएमईत मातीच्या वर्गात वेगळ्या शब्दांत भेटलं. दोन्ही एकत्र करून सांगतो.

समुद्रावर वाळूचा किल्ला केलाय ना? कोरडी वाळू उभी राहत नाही, ढिगारा होतो. थोडं पाणी शिंपडलं की भिंत उभी राहते. आणखी पाणी ओतलं की सगळं पसरतं. भरावाचं अगदी तसंच. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण असतं. भराव उभा असतो तो या घर्षणावर. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्या पाण्याला बाहेर पडता आलं नाही, की ते पाणी कणांना आतून रेटायला लागतं. वजन तेवढंच, पण कण एकमेकांवर पूर्वीसारखे दाबले जात नाहीत. घर्षण कमी होतं. वरून बाराशे टनांची मालगाडी जाते, आणि एक दिवस भरावाची एक फाक कुशीवरून सरकते, जशी ओल्या गुळाची ढेप सुरीने कापावी तशी.

हे नीट सूत्रात मांडलं कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन इंजिनिअरने. त्याचं पुस्तक आलं १९२५ मध्ये. त्याच्या आधी स्वीडनमध्ये रेल्वेचे भराव घसरू लागले म्हणून तिथल्या सरकारी रेल्वेने एक आयोग नेमला होता. तो काम करत असतानाच, १ ऑक्टोबर १९१८ ला, गेटो इथे पावसाने भिजलेला भराव घसरला आणि त्यावर आलेल्या गाडीतले चाळीसहून अधिक प्रवासी गेले. माती भिजल्यावर कशी वागते याचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी रेल्वेच्या भरावांनी माणसं मारल्यावर उभं राहिलं आहे.

पाण्याने भराव जाण्याच्या वाटा मुख्यतः चार.

पहिली ही आत मुरण्याची. काळ्या मातीच्या प्रदेशात ती जास्त वाईट. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस त्या भेगांतून थेट पोटात जातो, माती फुगते आणि मऊ होते. वरची खडी त्या मऊ मातीत रुतते, खड्ड्यात पाणी साचतं, गाडी गेली की चिखल खडीतून वर पिचकारतो. रुळाखाली असा चिखलाचा डाग दिसला की गँगचा माणूस चालता चालता थांबतो.

दुसरी वाट पायथ्याची. बाजूने वाहणारा ओढा भरावाचा पाय कुरतडतो. वरून सगळं ठीक दिसतं, कारण रूळ आणि स्लीपर काही काळ नुसते पुलासारखे लोंबत राहतात.

तिसरी वाट मोरीची. रेल्वेचा भराव म्हणजे नकळत बांधलेलं धरण असतं. शेतातलं पाणी जिथे पूर्वी मोकळं वाहत होतं, तिथे आपण मैलोन् मैल मातीची भिंत घालतो आणि मध्ये मध्ये मोऱ्या ठेवतो. मोरी कचऱ्याने तुंबली, किंवा वरचा एखादा तलाव फुटला, की एका बाजूला पाणी चढत जातं. धरणाला सांडवा असतो, भरावाला नसतो. पाणी रुळांवरून वाहायला लागलं की आधी खडी जाते, मग माती.

चौथी वाट डोंगराची. तिथे भराव पडत नाही, कटिंगवरची दरड त्यावर येते. कोकणात जांभ्याच्या खाली मऊ चिकणमातीचा थर असतो. पाणी जांभ्यातून झिरपत त्या थरापर्यंत जातं आणि वरचा सगळा भार त्या निसरड्या थरावर बसतो.

वडिलांचं एक वाक्य मात्र कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. ते म्हणायचे, "पाऊस चालू असताना सगळे जागे असतात रे. उघडीप पडली की खरं जागं राहायचं." कारण पूर ओसरतो झटकन, पण भरावाच्या पोटातलं पाणी उतरायला दिवस लागतात. बाहेरून पाण्याचा आधार गेला, आत मात्र दाब तसाच. ऊन पडलंय, लोक छत्र्या मिटतायत, आणि भराव तेव्हा घसरतो.

आपले काळे दिवस

कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली. ९१ बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहान-मोठे पूल आणि खोल खोल कटिंग. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली थोड्या वर्षांत झालेलं हे काम भारतीय इंजिनिअरांचा मानबिंदू आहे, यात शंका नाही. पण डोंगर कापून झाला तरी तो स्थिर व्हायला पावसाळे लागतात. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १६ जून २००४ ला महाडच्या बाजूला मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली.

त्यानंतर कोकण रेल्वेने जे केलं त्याची पुरेशी दखल आपण घेत नाही. कटिंगचे उतार कमी केले, दगडांवर पोलादी जाळ्या टाकल्या, पर्जन्यमापक बसवले, पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं लावली, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आणलं. फार पाऊस असला आणि पुढचं दिसेनासं झालं की चालकाने ताशी ४० किलोमीटरवर यायचं. आणि पावसाळाभर सहाशेहून अधिक माणसं मार्गावर गस्तीला. तरीही १४ जुलै २०२४ ला खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आलीच आणि मार्ग जवळपास एक दिवस बंद राहिला. पण त्या दिवशी गाडी दरडीवर आदळली नाही. गाड्या थांबल्या, प्रवासी वैतागले, आणि घरी पोहोचले. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

मोरीच्या वाटेचं उदाहरण मध्य प्रदेशातलं, पण गाडी आपल्या मुंबईची. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री हरदाजवळ माचक नदीच्या भागात अचानक लोंढा आला. रुळाखालची माती वाहून गेली. मुंबईहून वाराणसीला जाणारी कामायनी एक्स्प्रेस तिथे घसरली आणि थोड्याच वेळात समोरून येणारी जनता एक्स्प्रेसही. तीसच्या आसपास माणसं गेली. काही मिनिटं आधी त्याच जागेवरून गाड्या सुखरूप गेल्या होत्या. भरावाचा काळ मिनिटांत फिरतो तो असा.

त्याउलट २७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. आत हजारावर प्रवासी, चारी बाजूंना पाणी. गाडी उभी केली गेली आणि उभीच ठेवली गेली. एनडीआरएफ, नौदल, सेना, हवाई दल आणि मुख्य म्हणजे आसपासच्या गावांतली माणसं धावली. सगळे सुखरूप बाहेर आले. त्या दिवसाची आठवण आपण होड्यांसाठी ठेवतो. मी ती गाडी थांबवण्याच्या निर्णयासाठी ठेवतो.

परदेशातही हेच. १२ ऑगस्ट २०२० ला स्कॉटलंडमध्ये कारमाँटजवळ पावसानंतर गाडी घसरली आणि तिघे गेले. चौकशीत निघालं की उतारावरचं पाणी नेण्यासाठी काही वर्षांपूर्वीच घातलेलं खडीचं गटार आराखड्याप्रमाणे बांधलेलंच नव्हतं. त्यातलीच खडी वाहून रुळांवर आली. गटार हे कुणाच्याच उद्घाटनाच्या फोटोत नसतं.

तुपुल

आता जे लिहितोय ते आपल्या लोकांबद्दल आहे. २०२२ च्या जूनमधली २९-३० तारखेची रात्र. मणिपूरमधल्या नोनी जिल्ह्यात तुपुल इथे जिरिबाम–इम्फाळ रेल्वेमार्गाच्या यार्डाचं काम चालू होतं. बंदोबस्ताला प्रादेशिक सेनेची १०७ बटालियन, गोरखा जवान. कित्येक दिवसांच्या पावसाने भिजलेला डोंगर त्या रात्री आला आणि छावणी, मजुरांच्या झोपड्या, सगळं घेऊन इजेई नदीत उतरला. नदी अडली, त्यामुळे खालच्या गावांनाही धोका. साठच्या आसपास माणसं गेली, त्यातले जवळजवळ निम्मे प्रादेशिक सेनेचे. बाकीचे रेल्वेचे, कंत्राटदारांचे, गावातले.

हिंदूरावच्या त्या टेकडीवर उभा होतो तेव्हा मला तुपुल आठवलं. १८५७ मध्ये इथे गोरखे उभे होते, समोरून तोफा चालत होत्या, आणि पायाखाली खडक होता. तुपुलच्या गोरख्यांवर कुणी गोळी झाडली नाही. त्यांच्या वरची माती हलली.

माझी सही

इतरांच्या दुर्घटना सांगून स्वतःची लपवणं बरं नाही, म्हणून हेही लिहितो. बरीच वर्षं झाली. पूर्वेकडच्या डोंगरात माझी फील्ड कंपनी एका चौकीपर्यंत वाहनाची वाट काढत होती. एका वळणावर वीस-बावीस फूट उंच भराव. पावसाच्या आत काम संपवायचं होतं. माझे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "साहेब, इथं अजून एक मोरी लागंल. आन् वरच्या अंगानं चर मारल्याशिवाय भराव सोडू नका. आठ-दहा दिवस द्या."

माझ्याकडे आठ-दहा दिवस नव्हते. म्हणजे होते, पण मला तारीख पाळायची होती. मी म्हटलं, "साहेब, एक मोरी पुरे. चर पाऊस संपल्यावर मारू." ते गप्प राहिले. नंतर एवढंच म्हणाले, "पाण्याला वाट नाही दिली साहेब, तर ते आपली घेतंय."

तारीख पाळली गेली. माझं कौतुक झालं. जुलैत सलग पाच दिवस पाऊस पडला, काही झालं नाही. सहाव्या दिवशी ऊन पडलं. सातव्या दिवशी रेशन घेऊन गेलेलं वाहन परतताना त्या वळणावर बाहेरचं चाक खाली गेलं आणि भरावाची कडा वाहनासकट सुटली. चालक जवान वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा आखूड झाला. चौकशीत अतिवृष्टी असं कारण लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. आराखड्यावर सही माझी होती आणि चर तिथे नव्हता.

सुट्टीवर गेलो तेव्हा वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "सुभेदारांनी सांगितलं होतं ना?"

"हो बाबा."

"मग तुझं शिक्षण कशाला झालं?"

हातबत्ती

वडिलांची पावसाळी गस्त मला आठवते. रात्री जेवण झालं की घोंगडी, त्यावर प्लॅस्टिकचं इरलं, एका हातात बत्ती, खांद्याला पिशवी. पिशवीत डिटोनेटर, म्हणजे रुळावर लावायचे फटाके. शिटी गळ्यात. ठरलेल्या अंतरापर्यंत चालायचं, तिथे समोरून येणाऱ्या गस्तवाल्याला भेटायचं, वहीची अदलाबदल करायची आणि परत फिरायचं. वही मिळाली म्हणजे मधला मार्ग कुणीतरी पायाने पाहिलाय. मार्ग तुटलेला दिसला तर लाल बत्ती दाखवत धावायचं, सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. हे आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते.

एका रात्री त्यांनी गाडी थांबवली. एका भरावाच्या कडेला त्यांना रुळाची रेघ किंचित वाकडी वाटली आणि कुशीतून गढूळ पाणी येताना दिसलं. स्वच्छ पाणी झिरपलं तर ते इतके घाबरत नसत. गढूळ म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय. तपासणीत काही विशेष सापडलं नाही. गाडीला उशीर झाला, वरून कुणीतरी खुलासा मागितला. आई घाबरली होती. वडील मात्र शांतपणे म्हणाले, "थांबलेली गाडी पुन्हा सुटते." चार दिवसांनी त्याच जागी भरावाची कुशी खचली. तोवर तिथे वेगमर्यादा लागली होती, गँग कामाला होती, कुणाला काही झालं नाही. त्या खुलाशाबद्दल पुढे कुणी काही विचारलं नाही, आणि शाबासकीही कुणी दिली नाही.

आज उपग्रह आहेत, उतारात बसवायचे सेन्सर आहेत, ड्रोन आहेत. ते सगळं हवं. पण दीडशे वर्षांचा हा इतिहास वाचताना मला दरवेळी तेच दोन प्रश्न दिसतात. पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली होती का? आणि भरावावर चालणाऱ्या माणसाला जे दिसलं ते वरपर्यंत पोहोचायला वाट होती का? माऊ की मळीच्या निकृष्ट चुन्याबद्दल तो चुना कालवणाऱ्या गवंड्याला माहीत नसेल, असं मला वाटत नाही. माझ्या वळणाबद्दल माझ्या सुभेदारांना माहीत होतं. दोन्हीकडे कमी पडलं ते ऐकणं.

म्हणून माझ्या तरुण अधिकारी मित्रांना एकच सांगणं. मान्सूनच्या आधी तुमच्या भागातली प्रत्येक मोरी स्वतः वाकून बघा, आरपार उजेड दिसतो का. भरावाच्या वरच्या अंगाचा चर भरावाच्या आधी खणा. आणि तुमचा एखादा जेसीओ किंवा जवान म्हणाला की "साहेब, इथून गाडी नको", तर आधी गाडी थांबवा, मग कारण विचारा. तो दहापैकी नऊ वेळा चुकला तरी चालेल.

हिंदूरावहून उतरलो तेव्हा पाऊस पुन्हा लागला होता. खाली रस्त्याच्या कडेला गटाराचं झाकण काढून एक सफाई कामगार लांब काठीने कचरा ओढत होता. दोन मिनिटांत घुमारा घेत पाणी आत गेलं आणि रस्ता दिसू लागला. मी त्याला "शाबास" म्हटलं. त्याने वर बघितलं, हसला आणि पुढच्या झाकणाकडे गेला.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत, लोणावळ्यालाच असतात. मोठा पाऊस लागला की रात्री उठून खिडकीशी बसतात आणि गाडीचा आवाज ऐकतात. गाडी गेली की झोपतात.

जय हिंद.